बचावफळीतला नमस्कार

“तिचे हात बांधले तर चालतं का? चालत नाही असं नियमात कुठे लिहिलंय?”

हे आमचे कोच बोलत होते. जिचे हात बांधायचे होते ती मी, मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या कंटेनरमागे बसून मोजे चढवत होते.

“हात बांधल्यावर ती धावणार कशी?” आमची कॅप्टन म्हणाली. “आणि रेफरी विचारतील ना, हिला का बांधलंय म्हणून.”

“मग खिशात घालू दे.”

“शॉर्ट्सना खिसे नाहीत, कोच.”

“शिवून घे.”

मी दुसरा मोजा चढवला. मग पहिला काढून पुन्हा चढवला. लगेच बाहेर आले असते तर त्यांना कळलं असतं की मी ऐकलंय, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं असतं. त्यानंतर तिघांनी एकमेकांकडे कसं बघायचं, हे मला सुचेना.

हे २०१४ सालच्या फेब्रुवारीतलं. ऑकलंडमधल्या एका छोट्या कॉलेजात मी मेडिकल लॅबचा डिप्लोमा करत होते आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये डिफेंडर होते. मला ओळखणाऱ्या कोणालाही हे खरं वाटत नाही. आदल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात हिरवळीवर फुकट आइस्क्रीम वाटत होते, म्हणून मी रांगेत उभी राहिले. निम्म्या वाटेत लक्षात आलं की ही रांग आइस्क्रीमची नाही, फुटबॉलच्या नावनोंदणीची आहे. रांग सोडायची म्हणजे मागच्या सगळ्या मुलींसमोर आपण चुकलो हे कबूल करायचं. त्यापेक्षा फुटबॉल खेळणं सोपं वाटलं.

आणि मला ते यायला लागलं, हे आणखी विचित्र. मला फार जोरात पळता येत नाही. पण समोरची कुठे बघतेय आणि प्रत्यक्षात कुठे जाणार आहे, यातला फरक मला लांबून कळतो. लग्नकार्यात “काय गं, आता पुढे काय ठरवलंयस?” विचारणाऱ्या काकूंना टाळत मी मोठी झाले, त्याचा हा फायदा. समोरची मुलगी वळायच्या आधी मी तिथे उभी असायचे. मैदानाबाहेर मला रोज कोणीतरी म्हणायचं, जरा बोलत जा. मैदानात कोणी बोल म्हणत नव्हतं. बॉल आमच्या बाजूला आला की दहा जणी एकदम माझ्याकडे बघायच्या. आई-बाबांबरोबर पुण्याहून इथे येऊन दोन वर्षं झाली होती, आणि मी तिथे असण्याची कोणाला गरज आहे असं वाटावं, अशी ती एकच जागा होती.

अडचण एकच होती. माझा पाय कोणाला लागला की माझा उजवा हात आपोआप त्या व्यक्तीला स्पर्श करून माझ्या कपाळाला लागायचा. इंग्लिश मीडियमच्या शाळेने माझं बरंच काही पुसून टाकलं. मराठी अंक मी अजूनही मनात इंग्रजीत करून घेते. पण पाय लागला की नमस्कार, हे कोणी शिकवलेलं आठवतच नाही, त्यामुळे विसरताही येत नाही. पुस्तकाला, वर्तमानपत्राला, बसमध्ये शेजारच्याच्या पिशवीलासुद्धा. आणि फुटबॉल हा खेळ असा आहे की त्यात माणसांना पाय लागण्याखेरीज फारसं काही घडत नाही.

पहिले काही सामने लोकांना वाटलं, हिला घाम पुसायची सवय आहे. मग एका सामन्यात मी गोलसमोर अगदी स्वच्छ बॉल काढून घेतला. समोरची मुलगी माझ्या पायावरून पडली. मी तिच्या खांद्याला हात लावला, कपाळाला लावला. रेफरी म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी शिट्टी वाजवून पेनल्टी दिली. कॅप्टन भांडायला गेली तर म्हणाले, “मला नीट दिसलं नव्हतं. पण तिने स्वतः कबूल केलं ना.”

त्यानंतर ही बातमी पसरली. समोरच्या टीमच्या मुली माझ्याजवळ आल्या की पडायच्या आणि आशेने माझ्या हाताकडे बघायच्या. त्या मोसमात आमच्याविरुद्ध चार पेनल्ट्या झाल्या. चारही माझ्या हाताने दिल्या.

नव्या वर्षी लीगची मांडणी बदलली. वरचा गट आणि खालचा गट असे दोन भाग झाले, आणि आम्ही कुठे जायचं ते मोसमाआधीच्या एका सामन्यावर ठरणार होतं. सामना हॅमिल्टनच्या एका कॉलेजशी होता. बरोबरी झाली तरी आम्ही वर जाणार होतो. वरच्या गटात गोलला जाळ्या असणार होत्या. खालच्या गटात एक टीम होती, जिच्या अकरापैकी सात जणी जमल्या तरी त्या एकमेकींना मिठ्या मारायच्या.

कोच एरवी वेल्डिंग शिकवायचे. मी त्यांना ‘सर’ म्हणायचे आणि त्यांना वाटायचं, मी त्यांची चेष्टा करतेय. त्यांनी वेल्डिंगच्या वर्गातल्या फळ्यावर आमचं भवितव्य मांडलं. डावीकडे ‘जमेच्या बाजू’, त्याखाली: गोलकीपर, बचाव. उजवीकडे ‘कच्चे दुवे’, त्याखाली एकच शब्द: हात. खाली हाताचं चित्रही काढलं होतं. कॉलेजच्या पत्रकातही आमच्या मोसमाचं भाकीत छापून आलं. आक्रमण होतकरू, मधली फळी अनुभवी, बचाव अतिशय सभ्य.

हात बांधायचा बेत बारगळल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. “तू माझी सगळ्यात चांगली डिफेंडर आहेस,” ते म्हणाले. “पण हॅमिल्टनला तुझा हात एकदा जरी वर गेला, तर पूर्ण मोसम बाकावर. तुझ्या जागी बेकरीच्या कोर्समधली एक जण तयार आहे. ती लाथ मारते आणि वर शिवी देते. समजलं?”

मी मान हलवली.

“काहीतरी बोल.”

मी पुन्हा मान हलवली.

मग सराव सुरू झाला. कॅप्टनने माझ्या दोन्ही मुठींत टेनिसचे बॉल दिले. कॅप्टन सामोअन होती, पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरची, आमची गोलकीपर, आणि तिचा आवाज शेजारच्या दोन मैदानांवर ऐकू जायचा. ती मुद्दाम माझ्या अंगावर धावून यायची, माझा पाय लागायचा, आणि मी टेनिसच्या बॉलसकट हात कपाळावर मारून घ्यायचे. आठवड्याभरात माझ्या कपाळावर टेंगूळ आलं. आईला वाटलं, फुटबॉल लागला. खरं सांगितल्यावर ती जास्त घाबरली.

“म्हणजे नमस्कार करायचा नाही म्हणून शिकवतायत?” आईने पोळी तव्यावरच ठेवली. “असला कसला खेळ?”

“अगं, फाउल धरतात तो,” बाबा म्हणाले.

“धरू देत. पाय लावायचा आणि तसंच पुढे जायचं? गाढव आहे का ती?”

बाबा सॉफ्टवेअरमध्ये. कुठलीही अडचण दिसली की ते तिची पद्धत ठरवतात. “हे बघ,” ते मला म्हणाले, “प्रत्येक वेळी करत बसू नकोस. मनात मोजत राहा. सामना संपला की सगळ्या हात मिळवतात ना? तेव्हा एकेकीला एकदम करून टाक. नमस्कार बुडवायचा नाही, फक्त पुढे ढकलायचा.”

“शिळा नमस्कार?” आई म्हणाली.

“तासाभराने शिळा कसा होईल?”

“तुमच्याकडे काय, सगळं फ्रीजमध्येच ठेवतात.”

त्या दिवशी कॅप्टन मला सोडायला आमच्या माउंट रॉस्किलच्या घरी आली होती आणि आईने तिला जेवायला बसवून घेतलं होतं. हात धुवायला जाताना तिला बाबांच्या समोरून जावं लागलं, तर ती कमरेत वाकली, एक हात खाली धरला आणि हळूच तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत गेली. मोठ्यांच्या समोरून जाताना आमच्याकडे असंच जातात, असं तिने नंतर सांगितलं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, “बघ. हिला आहे वळण.” मला टेनिसचे बॉल देणारी हीच, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

बाबांची पद्धत लागू पडली. माझ्या हाताला बहुधा ‘नाही’ म्हटलेलं कळत नव्हतं, ‘नंतर’ म्हटलेलं कळलं. पुढच्या दोन आठवड्यांत मी सरावात दहा-बारा जणींना पाय लावला आणि मुठी मांड्यांशी गच्च धरून ठेवल्या. सराव संपल्यावर ओळीने सगळ्यांना नमस्कार करत जायचे. मुलींना ते फार आवडलं. काही जणी आपणहून विचारायच्या, “माझे किती झाले?”

हॅमिल्टनचं मैदान ‘ते रापा’ नावाच्या भागात होतं, मोठ्या डेअरी फॅक्टरीपासून जवळ. सगळ्या हवेला तापवलेल्या दुधाचा वास होता. बाबा आणि आई आमच्या व्हॅनच्या मागून गाडीने आले. हाफटाइमला खायच्या संत्र्यांच्या फोडींवर आईने तिखट-मीठ भुरभुरलं होतं, त्यामुळे आमची एक स्ट्रायकर दुसऱ्या अर्ध्याची पाच मिनिटं नळाखाली होती.

रेफरी तेच म्हातारे गृहस्थ होते. मला बघून त्यांनी टोपीला हात लावला.

मी नीट खेळले, हे मी आजही सांगू शकते. एकेक गोल झाला होता आणि पाच मिनिटं उरली होती. माझ्या मनात तीन नमस्कार जमा होते. कडेला कोच उभे होते, आणि ते माझ्या पायांकडे नाही, हातांकडेच बघत होते. दर वेळी मी मुठी खाली ठेवल्या की ते आकाशाकडे बघून काहीतरी म्हणायचे.

मग हॅमिल्टनची नऊ नंबरची मुलगी आमच्या गोलसमोर आली. ती डावीकडे बघत होती आणि उजवीकडे जाणार होती, हे मला कळलं होतं. पण मी अर्धा क्षण उशिरा निघाले. बॉल तिच्या पुढे गेला आणि माझा बूट सरळ तिच्या घोट्यावर बसला. तो आवाज मला ऐकू आला. ती पडली. बॉल गोलच्या बाजूने बाहेर गेला. माझा उजवा हात कोपरापर्यंत उचलला गेला आणि तिथेच थांबला. मी तो खाली आणला.

रेफरी लांब होते, मध्ये दोघी-तिघी. ते धापा टाकत आले.

“तिने लाथ मारली!” नऊ नंबर खाली बसूनच ओरडली. “घोट्यावर! पेनल्टी आहे!”

रेफरींनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांकडे. दोन्ही मुठी मांड्यांशी होत्या.

“नाही,” ते शांतपणे तिला म्हणाले. “मी या मुलीला वर्षभर बघतोय. हिचा पाय लागला की ही कबूल करते. सगळ्या लीगला माहीत आहे. हात वर गेला नाही, म्हणजे लागलेला नाही.”

“म्हणजे काय? माझा पाय बघा ना!”

“नाटक पुरे. गोल किक.”

आमच्या मुली ओरडायला लागल्या. कॅप्टनने बॉल उचलला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. कडेला कोच दोन्ही अंगठे वर करून उड्या मारत होते. त्यांच्या पलीकडे बाबांनी आईला कोपरखळी मारली, आपली पद्धत चालली म्हणून. वरचा गट, जाळ्या असलेले गोल, माझी जागा, सगळं पाच मिनिटांवर होतं. एक नमस्कार तेवढा पुढे ढकलायचा होता.

नऊ नंबर उठली. रडत नव्हती. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे कळलेल्या माणसासारखी ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या मोज्यावर माझ्या बुटाच्या खिळ्यांचे ठसे होते.

रेफरी वळून चालायला लागले होते. त्यांना पाठमोरं थांबवायचं तर हात उपयोगाचा नव्हता.

“सर,” मी म्हणाले. मग ते थांबले नाहीत म्हणून, शेजारच्या मैदानावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने: “पाय लागलाय! माझा पाय लागलाय तिला!”