भावाची किडनी आणि आक्कांचे पाय

एका जागी बसण्याची शिक्षा माझ्या थोरल्या नणंदेला झाली असती, तर आक्कांनी त्याविरुद्ध अपील केलं असतं, आणि तेही उभ्यानंच. नांदूरघाटहून अंबाजोगाईला आमच्याकडे आल्या की चप्पल काढता काढताच परतीची एसटी विचारायच्या. भाकरी ओट्याशी उभ्या राहून खायच्या, आणि चहा उकळेपर्यंत शेजारणीची ख्यालीखुशाली विचारून यायच्या. माझ्या नवऱ्याची एक किडनी त्यांना बसवली, तेव्हाही चालायची परवानगी मिळताच तोंडाला मास्क लावून त्या इतरांना धीर देत फिरत होत्या. देणारा भाऊ मात्र पलंगावर कण्हत पडलेला. "किडनी त्याची हाय, पण पाय माझेच हायेत," असं वर ऐकवायच्या.

यंदा त्यांच्या पुतणीच्या लग्नात त्या पायांनीच दगा दिला. गुडघा धरला, तसं त्यांनी वऱ्हाडातल्या कुणाकडून तरी दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. किडनीच्या रोजच्या गोळ्या त्या कधी चुकवत नसत, पण ही गोळी त्यांच्या हिशेबी औषधातच नव्हती. त्यातच उन्हात जुलाब लागले, आणि धावपळीत पाणी प्यायचं राहून गेलं.

लग्नानंतर त्या आमच्याकडे आल्या आणि आल्या आल्या पायरीवर बसल्या. बसलेल्या पाहूनच मी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पावलं सुजली होती. लघवी होतेय का, असं विचारलं तर म्हणाल्या, "कालपासून न्हाई म्हनलं तरी चालंल. त्याला सांगू नको."

मी लगेच सांगितलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, त्या दुखण्याच्या गोळ्यांनी आणि अंगातलं पाणी कमी झाल्यानं किडनीला अचानक मार बसलाय. सावरेल की नाही, आत्ताच सांगता येणार नाही. रोज रक्त तपासायचे, लघवी मोजायचे. नवरा व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचा, मी उगाच पाण्याच्या बाटल्या भरत राहायची. आक्का भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. पडल्या पडल्या पांघरुणाखाली पाय तेवढे हलवत राहायच्या.

हळूहळू लघवी वाढली, सूज उतरली. किडनी वाचली, पण पहिल्यासारखी झाली नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं, तेव्हा त्या भावाकडे न बघता म्हणाल्या, "तुझी चीज मला जपता आली न्हाई रे."

तो त्यांच्या उशाशी बसला. म्हणाला, "माझी कशाची, आक्का? दिली तवाच तुझी झाली."

आक्कांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.