धुऱ्यावरून काढलेला फोटो

परवा रविवारी सकाळी पांढरकवड्याच्या घरी भाजी निवडत बसले होते, तर दारात पोलिसांची गाडी. एक नाही, दोन... एक आपल्या जिल्ह्याची आणि दुसरी चक्क तेलंगणाची!

"मॅडम, केळापूरजवळचं वावर तुमच्याच नावावर हाय ना? चला जरा," आपल्याकडचे साहेब म्हणाले. वावर सासऱ्यांनी माझ्या नावावर केलेलं. चार वर्षांपासून सुरेशभाऊ ते मक्त्याने करतात, सगळा व्यवहार तोंडी, कागद एकही नाही.

तुरीच्या उंच ओळींत शिरलो आणि साहेबांनी एक झाड वाकवून दाखवलं... गांजा! पुढे तसलीच आणखी कितीतरी झाडं. सातबारा माझा, म्हणजे गुन्हेगार मीच की! नोकरी, घर, गावातलं नाव... सगळं गेलं असंच वाटलं.

"तुम्ही आतमंधी कधी आलत्या का नाही?"

नाही ना... कारण दर वेळी सुरेशभाऊ वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच अडवायचे. "ताई, आत नोका येऊ, कालच फवारनी केली." फवारणीच्या विषाने माणसं गेलेला आपला जिल्हा. मला उलट वाटायचं, किती काळजी करतो हा माणूस! शेंगांची पिशवीसुद्धा धुऱ्यावर आणून द्यायचा. मी मूर्खासारखी दर वर्षी राखी बांधत होते त्याला.

"घबराओ मत मॅडम," तेलंगणाचे साहेब म्हणाले. सीमेपलीकडे एका शाळेजवळ पुड्या विकणारा सापडला, त्याने सुरेशचं नाव सांगितलं. दोन्हीकडच्या पोलिसांनी मिळून माग काढला आणि माझ्या दारात येण्याआधीच सुरेशला उचललं होतं. नुसता सातबारा बघून आले असते तर?

मग त्यांनी मोबाइलवर धुऱ्यावरून काढलेला माझाच फेसबुकवरचा फोटो दाखवला... 'यंदाची तूर!' तुम्ही सगळ्यांनी लाइक केलेला. माझ्या खांद्यामागे तुरीतून डोकावणारी ती झाडं स्वच्छ दिसताहेत. पुरावा आहे, काढू नका म्हणालेत, म्हणून तो अजून तिथेच आहे.

जबाबाला अजून जायचंय. पण त्या पथकाचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

मी सहावीला विज्ञान शिकवते. पानावरून झाड ओळखायचा धडा माझ्या फार आवडीचा... आणि त्या शाळेजवळ पुड्या घेणारी पोरंही सहावी-सातवीचीच होती म्हणे.