ही बनी न्हाई

माझ्या सासूबाई, छबूबाई (मी त्यांना आत्या म्हणते), पत्ते खेळतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. रमी नाही, मेंढीकोट नाही, चक्क तीन पत्ती. लग्न होऊन पारनेरजवळच्या या गावात आले आणि तिसऱ्याच दिवशी दुपारी सासूला ओट्यावर मांडी घालून चिंचोके पुढे सरकवताना पाहिलं. मनात म्हटलं, सविता, तू कुठे येऊन पडलीस! माझ्या माहेरी पत्त्याला हात लावला तर आई चिमटा काढायची.

समोर बसलेल्या असायच्या शेजारच्या बनुबाई. दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली, दोघींच्या शेतांचा बांध एक. आधी चौघी खेळायच्या. मग दगडाबाई वारल्या, रतनबाई लेकीकडे राहायला गेल्या आणि या दोघीच उरल्या. पैसा कधी लावला नाही, कायम चिंचोकेच. दोघींत कसली आलीय तीन पत्ती, असं मी चिडवायचे. आत्या म्हणायच्या, दोघींतच खरा कस लागतो, लपायला तिसरी नसते.

त्यांचा एक नियम होता, बनुबाईंनी घातलेला. दिवसाचा पहिला डाव आंधळा. वाटलेली तीन पानं पालथीच ठेवायची आणि तीन फेऱ्या न बघता चिंचोके लावायचे. कांदा खुरपून आलेल्या बाया या. आल्या आल्या डोकं चालवायचं नाही, आधी हात तरी निवू द्या, असं बनुबाईंचं म्हणणं. या नियमाला दोघी एकादशीसारखं जपायच्या.

खेळताना आत्या स्वतःची पानं एकदाच बघायच्या आणि नंतर फक्त बनुबाईंकडे बघत बसायच्या. चांगली पानं आली की बनुबाई उगाच कांद्याच्या भावाची चौकशी करायच्या. वाईट आली की ताठ बसून पदर सारखा करायच्या. आत्यांनी हे कधी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चिंचोके कुठून मिळाले असते?

दोन वर्षांपूर्वी बनुबाईंच्या मुलाने, कल्याणने, श्रीरामपुरात खताचं दुकान टाकलं आणि आईला तिकडे नेलं. आत्या महिनाभर धड जेवल्या नाहीत. शेवटी मीच त्यांच्या मोबाईलवर तीन पत्ती टाकून दिली, तिकडे कल्याणच्या बायकोने, ज्ञानेश्वरीने, बनुबाईंना शिकवली. दोघींचं वेगळं टेबल, खोटे पैसे, वेळ रोज दुपारी तीनची. बनुबाईंना फोनवर बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे दोघींचं बोलणं काय ते या खेळातूनच.

पहिला आठवडा आत्यांनी नुसती कुरकुर केली. पडद्यावर बनुबाई म्हणजे एका गोलातला हिरवा पोपट, आणि त्याच्याभोवती वेळ सरेल तशी सरकणारी एक रेघ. पोपटाकडे बघून काय कळणार? पण आत्याच त्या. हळूहळू त्यांनी ती रेघसुद्धा वाचायला घेतली. रेघ अर्ध्यावर गेली की म्हणायच्या, बनी विचार करतीय. अगदी टोकाला जाऊन चाल आली की म्हणायच्या, अंगठा उमटंना तिचा, लुगड्याला पुसला आन् परत दाबला. मला हसू यायचं. पण पहिला डाव रोज आंधळाच व्हायचा, तीन फेऱ्यांचा, आणि तेवढं बघून आत्यांचा दिवस चांगला जायचा.

या संक्रांतीनंतर चार दिवस पोपट आलाच नाही. कल्याण म्हणाला, आईचा मोबाईल बिघडलाय. पाचव्या दिवशी तीनला पोपट हजर. आत्या खुशीत मांडी घालून बसल्या, आणि पहिल्याच डावात समोरच्याने पानं उघडून बघितली. बघितली की पडद्यावर तशी खूण येते. आत्यांना वाटलं, चुकून बोट लागलं असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रेघ तर आता अर्ध्यावर जातच नव्हती, चाल लगेच यायची.

चौथ्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं.

"सविता, ही बनी न्हाई."

मी म्हटलं, नात खेळत असेल, पोरींना काय, मोबाईल हवाच असतो. आत्यांनी मान हलवली.

"मग बनी कुठं हाय?"

मी कल्याणला फोन लावला. आई झोपलीय, म्हणाला. दुसऱ्या दिवशी आई देवळात गेली होती. तिसऱ्या दिवशी म्हणाला, आई संगमनेरला पाहुण्यांकडे गेलीय. त्या दिवशीही तीनला पोपट आला. मोबाईल बरोबर नेला असेल, असं मी म्हणून पाहिलं. आत्यांनी भाकरी अर्धी टाकली.

मला भीती एकाच गोष्टीची होती. बनुबाई गेल्या तर नसतील? आणि आपल्याला कुणी कळवलं नसेल तर? भीतीला कारणही होतं, आणि ते मीच करून ठेवलेलं. दिवाळीत कल्याण आला तेव्हा मी त्याला बजावून सांगितलं होतं, आत्यांचं बीपी वर असतं, वाईट काही असलं तर एकदम सांगू नकोस. ते वाक्य आता मला झोपू देत नव्हतं. आत्यांना मी ते सांगितलंही नाही. माझं धाडस झालं नाही.

आत्या खेळत मात्र राहिल्या. समोर कोण आहे ते माहीत नाही, तरी रोज तीनला बसायच्या आणि हरायच्या. कशाला खेळता, असं विचारलं तर म्हणाल्या, मी उठले तर त्यो पोपटबी जायचा. मी घरात जाहीर केलं, उद्या आम्ही दोघी श्रीरामपूरला जाणार. पत्त्यांवरून कुणी गावाला जातं का, असं आमच्या यांनी विचारलं. आम्ही जातो, म्हटलं.

पारनेरहून नगर, नगरहून श्रीरामपूरची गाडी. राहुरी मागे पडली आणि तीन वाजले. आत्यांनी मोबाईल उघडला. पोपट येऊन बसलेला. पानं वाटली गेली. आत्यांनी बोट लावलं नाही, नुसत्या बघत राहिल्या.

"कोन हायेस गं तू?" त्यांनी पोपटाला विचारलं. शेजारची बाई आमच्याकडे बघायला लागली. आत्यांची वेळ सरली, डाव गेला. नवा डाव वाटला गेला, तोही गेला. समोरचं कुणी उठत नव्हतं.

कल्याणचं घर दुकानाच्या मागेच आहे. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खाटेच्या कडेला ज्ञानेश्वरी बसली होती, हातात मोबाईल, पडद्यावर आमचंच टेबल. आणि खाटेवर, पाठीशी दोन उशा देऊन, बनुबाई. जिवंत.

उजवं अंग गेलं होतं. तोंड एका बाजूला ओघळलेलं, वाचा बंद. ज्ञानेश्वरी उठून रडतच सांगायला लागली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झालं. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. दवाखान्यातून घरी आणल्यावर तीन वाजले की आई डाव्या हाताने मोबाईलकडे दाखवायच्या, हट्टच धरायच्या. चुकीचं कुठेही दाबायच्या, मग चिडायच्या. म्हणून ती त्यांच्या डोळ्यांसमोर मोबाईल धरून स्वतः खेळायला लागली. "मला काय येतंय त्यातलं, मावशी? मी पानं उघडली की आई मान हलवून नको नको करायच्या, मला कळायचंच न्हाई का ते." आणि कळवलं का नाही, तर म्हणे सविताताईच बोलल्या होत्या. मी खाली बघितलं.

आत्या माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. खाटेवर चढून मांडी घालून बसल्या, पिशवीतून पत्त्यांचा जुना जोड काढला. चिंचोके नव्हते, तेव्हा ज्ञानेश्वरीने वाटीभर शेंगदाणे आणून दिले. वाटणी झाली, दोघींची पानं पालथीच राहिली. बनुबाई डाव्या हाताने एकेक दाणा पुढे सरकवत होत्या, निम्मे चादरीवर घरंगळत होते. मग आत्यांनी पानं बघितली. थोडा वेळ बघितली आणि पालथी खाली टाकली. डाव सोडला, म्हणाल्या, सगळं तुझं.

बनुबाईंनी दाण्यांना हात लावला नाही. त्या आत्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग डावा हात लांब करून त्यांनी आत्यांनी टाकलेली पानं एकेक उलटी केली. तिन्ही राण्या. जिंकायचा डाव आत्यांनी दयेपोटी सोडला होता. बनुबाईंच्या घशातून एक घोगरा आवाज निघाला आणि त्यांनी हाताच्या फटक्यात सगळे शेंगदाणे खाटेखाली उडवले. ज्ञानेश्वरी घाबरून पुढे झाली. आत्यांनी तिला थांबवलं.

"वळखलं बग हिनं," आत्या म्हणाल्या. "चुकलं, बने. परत न्हाई सोडायची."

मी आणि ज्ञानेश्वरी खाटेखाली शिरून दाणे वेचत बसलो. डाव पुन्हा वाटला गेला. या वेळी आत्या खऱ्या खेळल्या, शेवटपर्यंत, आणि जिंकल्या. बनुबाईंच्या वाट्याचा शेवटचा दाणासुद्धा त्यांनी ठेवला नाही. ओंजळभर शेंगदाणे ओच्यात घेऊन त्या हमसून रडत होत्या, आणि बनुबाई डाव्या हाताने पत्ते त्यांच्याकडे ढकलत होत्या, परत वाट म्हणून.