उस्तादांची विहीर

उस्ताद समोरच्या माणसाचा चेहरा सबंध कधी बघत नसत. आधी डावा गाल, मग कपाळ, मग डोळ्यांखालची जागा, असा तुकड्यातुकड्यानं बघायचे. फोटो स्टुडिओत उभा जन्म रिटचिंगमध्ये गेलेला. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं ठिपका ठिपका देत त्यांनी निम्म्या शहराचे देवीचे वण, सुरकुत्या नि पुटकुळ्या नाहीशा केल्या होत्या. मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे उभी राहिले तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी ते अगदी जवळ वाकून म्हणाले, "डोळ्याखाली लई काळं हाय पोरी. झोपत नाय का? बस, मी काढून टाकतो." मला रागच आला. माझ्या चेहऱ्याबद्दल मी त्यांना काही विचारलं नव्हतं.

औरंगाबादला गारखेड्यात आमचं छपाईचं दुकान होतं. म्हणजे मालक दुसराच, मी तिथं डिझाइनचं काम करायची. पत्रिका, फ्लेक्स, पासपोर्ट फोटो, मिळेल ते. शहागंजातला उस्तादांचा स्टुडिओ बंद पडला, तेव्हा मालकांनी जुनी ओळख म्हणून त्यांना आणून माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसवलं. त्यांचं खरं नाव बँकेच्या पासबुकावर असेल तेवढंच. सगळे उस्ताद म्हणायचे, मीही तेच म्हणते.

ती टँकरची वर्षं. नळाला पाणी कधी येईल हे नळालाही माहीत नसायचं. गल्लीत निळे ड्रम दारापुढे रांगेनं उभे असायचे. आणि त्याच वर्षांत शहर मात्र चहूकडे पसरत होतं. मुकुंदवाडीच्या पुढे, चिकलठाण्याच्या पुढे, थेट करमाडपर्यंत जालना रोडच्या दोन्ही अंगाला प्लॉटच्या पाट्या लागल्या होत्या. त्या पाट्या छापायच्या आम्हीच. पाट्यांवर हिरवळ असायची, कारंजी असायची. उस्ताद त्या हिरवळीला अजून थोडा हिरवा रंग लावून द्यायचे आणि म्हणायचे, "गिऱ्हाइकाला हाय तसं कधी दाखवू नये. हाय तसं तो घरी बघतोच की."

दुपारी काम नसलं की माझा एक छंद चालायचा. माझी मैत्रीण वैशाली आणि मी, शेतीचा एक जुना विदेशी खेळ आपल्या मुलखातला करायच्या मागे लागलो होतो. त्या खेळात लाल छपरांचे गोठे होते, भोपळ्यांची शेतं होती, थंडीत बर्फ पडायचा. अशा खेळातली प्रत्येक वस्तू, झाड, भिंत, मडकं, हे एक इवलंसं चित्र असतं. त्याला स्प्राइट म्हणतात. रांगोळीच्या ठिपक्यांसारखी त्याची घरं असतात आणि एकेका घरात एकेक रंग भरायचा असतो. त्यांची चित्रं काढून आपली घातली की खेळ तोच राहतो, गाव बदलतं. आत बसवायचं काम वैशालीचं, काढायचं माझं. माझी म्हैस काढून झाली तेव्हा पाठीमागून आवाज आला, "ही म्हैस हाय का सोफा?"

मी खुर्ची सोडली. उस्ताद बसले, पडद्याला नाक लागेल इतके पुढे वाकले. मग म्हणाले, "अगं, ह्ये मला दिसतंय की."

तेव्हा मला कळलं. साखरेनं त्यांचे डोळे खाल्ले होते. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जपा, एवढंच डॉक्टरांनी सांगितलेलं. फोटोतले चेहरे त्यांना धुरकट दिसायचे आणि ते अंदाजानं हात फिरवायचे. मालकांना ते ठाऊक होतं आणि ते बोलत नव्हते, हा त्यांचा मोठेपणा. पण स्प्राइटचं एकेक घर मोठं करत करत बताशाएवढं करता येतं. बताशाएवढं घर उस्तादांना स्पष्ट दिसत होतं. त्या दिवशी त्यांनी माझ्या म्हशीला शिंगं दिली, पाठ दिली, आणि घरी जाताना मुलासारखे हसत गेले.

पण जात रिटचरची. पहिल्या आठवड्यात त्यांनी माठ, कळशी, कडब्याची पेंढी आणि बाज काढली. वैशालीनं ती खेळात घातली तर प्रत्येक वस्तूच्या मागे एकेक आकाशी चौकोन. खेळातल्या वस्तूची पाठीमागची घरं रिकामी सोडायची असतात, म्हणजे खालची जमीन दिसते. उस्तादांनी तिथं निळा रंग भरून टाकला होता, वर डाव्या कोपऱ्यात किंचित उजेडही दिला होता. "मागं पडदा नको व्हय? लोक काय म्हणतील, उघड्यावर फोटो काढला!" वैशालीला हसू आवरेना. कडब्याची पेंढीसुद्धा स्टुडिओत येऊन फोटो काढून गेल्यासारखी दिसत होती. ते सगळे पडदे मी एकेक करून पुसले. उस्तादांनी मान दुसरीकडे वळवली होती.

भांडण झालं ते जमिनीवरून. आम्हाला खरा मराठवाडा हवा होता. भेगाळलेलं रान, टँकर, त्याच्याभोवती घागरींची गर्दी. उस्तादांनी टँकर सुरेख काढला, गळक्या तोटीसकट. पण जमिनीला भेग काही पाडेनात. मी सांगून थकले. दर वेळी काळीभोर, नांगरलेली, ओली माती.

"उस्ताद, अशी जमीन आत्ता कुठं आहे?"

"नाय. म्हणून तर काढतो."

"पण हे खोटं आहे."

"पोरी, देवीचे वण खरेच असत्यात. पण वण लावून घ्यायला फोटो काढत नाय कुणी." मी चिडून कॉम्प्युटर बंद केला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मग त्यांनी एक विहीर काढायला घेतली. आम्ही सांगितली नव्हती, तरी रोज दुपारी तीच घेऊन बसायचे. दगडी काठ, एका अंगाला उंबर, रहाटाचं लाकूड झिजून मध्ये खोलगट झालेलं. त्यांना एका वेळी पाच-सात घरंच दिसायची. चित्र लहान करून सबंध बघायची वेळ आली की त्यांना नुसता करडा ठिपका दिसायचा. मग मला विचारायचे, "काय दिसतंय? सांग." मी सांगायची. "उंबर डावीकडं झुकलाय का?" "झुकलाय." "मंग बरोबर हाय." विहिरीत त्यांनी काठोकाठ पाणी भरलं होतं, आणि पाण्यात उंबराचं प्रतिबिंबही.

ती करमाडची त्यांची विहीर. वडिलांनी खणलेली. आईनं आणि थोरल्या बहिणीनं डोक्यावरून दगडमाती वाहिलेली. पुढे रान उस्तादांच्या वाट्याला आलं, कसणारं कोणी नव्हतं, प्लॉटवाले दारात आले आणि त्यांनी ते विकलं. घेणाऱ्यानं पाडलेल्या घरांचा मलबा आणून विहीर बुजवली. "साऱ्या औरंगाबादचे फोटो काढले आम्ही," उस्ताद एकदा म्हणाले, "त्या विहिरीचा एक फोटो नाय कुणाकडं. वाटलं, ती कुटं जाती?"

विकल्यापासून बहीण त्यांच्याशी बोलत नव्हती. त्या मुकुंदवाडीला स्टेशनजवळ राहायच्या. उस्ताद त्यांना आपा म्हणायचे, म्हणून मीही आपा. ईदला उस्ताद शीरखुर्म्याचा डबा पाठवायचे. डबा धुऊन-पुसून परत यायचा, सोबत निरोप नसायचा. "डबा परत येतो तवर आस हाय," ते म्हणायचे. आता डोळ्यांची वाट मिटत चालली होती आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती. डोळे पुरते जायच्या आत आपाचा चेहरा एकदा जवळून बघायचा. त्या आपल्याशी बोलताना बघायचा. त्यासाठी विहीर. "तिला म्हणावं, बघ, बुजली नाय. हाय अजून. भरलेली हाय. आपली विहीर कधी आटली नाय." हे शेवटचं वाक्य ते सगळ्यांनाच सांगत. दुष्काळाचा विषय निघाला की छाती पुढे काढून सांगत.

एका रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेतला आणि त्यांना रिक्षात घालून मुकुंदवाडीला गेले. न बोलावता जाणं माझ्या स्वभावात नाही, पण उस्तादांच्याने एकट्यानं झालं नसतं. आपा उंबऱ्यातच बसल्या होत्या, तांदूळ निवडत. भावाला त्यांनी बघितलं आणि सुपासकट थोडं सरकून वाट दिली. मी पुढे होऊन लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आपा, यांनी तुमच्यासाठी काहीतरी काढलंय."

आपांनी पदराला हात पुसले. रहाटावर बोट ठेवलं, उंबरावर ठेवलं. उस्ताद भिंतीला टेकून उभे होते. मग आपाचं बोट पाण्यावर आलं.

"पानी कायकू डाला रे, छोटे?"

इतक्या वर्षांनी ऐकलेली हाक. उस्ताद भिंत सोडून एक पाऊल पुढे आले.

आपा मग माझ्याकडे वळल्या. "पोरी, ह्या विहिरीत पाणी नव्हतं. इकायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी गेलते करमाडला. पोहरा सोडला तर खाली दगडावर वाजला. कोरडी व्हती म्हणून तर इकली त्यानं. मला काय कळत नाय व्हय?"

"मंग बोलत का नव्हतीस?" उस्ताद म्हणाले.

"इकली म्हणून नाय. साऱ्या गावाला सांगत फिरलास, भरली व्हती, भरली व्हती. मला बी तेच सांगितलंस. आब्बानं खणली, माझ्या डोक्यावरून माती गेली तिची. घरातलं माणूस गेलं छोटे, आन् बुजवायच्या आधी तू मला आखरी दीदार बी करू दिला नाय, शेवटचं तोंड बी दाखवलं नाय. दोघं मिळून रडलो असतो की."

उस्ताद खाली बसले. त्यांना रडताना मी त्या दिवसाखेरीज कधी पाहिलं नाही. आपांनी त्यांना उगी केलं नाही, नुसता तांब्या पुढे सरकवला. आणि म्हणाल्या, "हाय तशी काढ. मला बघू दे."

मग त्या भावंडांनी ती विहीर कोरडी केली. उस्ताद पडद्याला नाक लावून घर न् घर पुसत होते आणि आपा शेजारी बसून सांगत होत्या. अजून भुरकट कर. इथं शेवाळ वाळलेलं व्हतं, काळं कर. तळाला तो मोठा दगड व्हता, आठवतो का, तू पडलता त्याच्यावर. उस्ताद म्हणाले, आठवतो. काय दिसतंय, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. तळ झाला तसे ते विहिरीच्या भोवतीच्या रानात आले, आणि तिथं त्यांनी पहिली भेग पाडली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भेगा बुजवलेला हात. रेघ खरी आली. निघताना आपांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्यांना बघता यावं म्हणून अगदी जवळ आणला. उस्तादांनी आधी डावा गाल बघितला, मग कपाळ, मग डोळ्यांखालची जागा. त्या वेळी मी बाहेर येऊन उभी राहिले.

पुढच्या पावसाळ्याआधी त्यांची नजर पुरती गेली. दुकानात येणं थांबलं. आपा त्यांना मुकुंदवाडीला आपल्या घरी घेऊन गेल्या. आमचा खेळ वैशालीनं लोकांसाठी खुला केला. तो घेणारे बरेच जण कळवत की विहिरीत पाणी घालायचं राहिलंय. उस्ताद मला फोन करून विचारायचे, "कुणी भरली तर नाय ना गं?" मी सांगायची, नाही उस्ताद, तशीच आहे. "मंग बरं हाय," म्हणायचे आणि आपाकडे फोन द्यायचे.

ते गेले त्यानंतर काही दिवसांनी आपा सुनेला घेऊन दुकानात आल्या. उस्तादांचा फोटो हवा होता, भिंतीवर लावायला नाही, ट्रंकेत जपून ठेवायला. एवढा फोटोवाला माणूस, पण त्यांचा स्वतःचा धड फोटो एकही निघाला नाही. माझ्याकडे एक होता, मी मोबाइलवर सहज काढलेला. पडद्यावर वाकलेले, कपाळाला आठ्या, डोळ्यांखाली पिशव्या, गालावर पांढरे खुंट. तो मोठा करून मी पडद्यावर घेतला आणि सवयीनं माझा हात डोळ्यांखालच्या जागेकडे गेला. हे कामही मला त्यांनीच शिकवलं होतं. मी हात मागे घेतला आणि फोटो होता तसाच छापला.

आपांनी तो डोळ्यांजवळ नेला. आधी डावा गाल, मग कपाळ. आठ्यांवरून, पिशव्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "छोटेच हाय."