हळू सांगायची गोष्ट

पेशंटला विचारावं, तर उत्तर नातेवाईक देणार! जळगावच्या आमच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी मी करते, आणि रोज याच गोष्टीनं माझं डोकं फिरतं. कानाचं मशीन लावण्याआधी आमच्या डॉक्टर मॅडमना पेशंटची पसंती हवी असते. त्याला सगळ्यात आधी काय ऐकू यायला हवं, ते. मशीन त्याप्रमाणे लावता येतं. म्हणून मी चित्रांची कार्डं पुढे मांडते: फोन, टीव्ही, बाजार, भजन, घरातलं हळू बोलणं.

परवा पारोळ्याकडचे झुलाल आबा आले. बैलबाजारातले जुने दलाल. सोबत बायको ताईबाई आणि मुलगा प्रेमराज. आबांना आणि प्रेमराजला आत बसवून मी बाहेर आले, तर ताईबाईंनी माझा हातच धरला.

“बाई, मन्ही पुनमना सासरले भलता हाल शेतस. माले आबासलेच सांगनं शे. पोऱ्या तापट, तो हानामारी करी. अन् यासले वरडीसन सांगू, ते बठ्ठी गल्ली ऐकी.”

दिवाळीपासून ही माउली धरणगावला दिलेल्या पोरीचं दुःख पोटात घेऊन गप्प होती. हळू बोलण्याचं कार्डच आबांपुढे सरकवावं, असं वाटलं. पण पसंती आबांचीच हवी. मी सुचवलं, तर माझ्यात आणि नातेवाइकांत फरक तो काय?

कार्डं मांडली न मांडली, तोच प्रेमराजनं बाजाराचं उचललं. “आबांचा धंदाच आहे तो. हेच लिहा.”

“कान तुमचे तपासतेय का, भाऊ? ठेवा खाली!”

आबा हसले. खांद्यावरचा रुमाल हातावर टाकून त्याखाली त्यांनी प्रेमराजची बोटं दाबली. बैलाचा सौदा असाच होतो, बोटांनीच भाव ठरतो, तोंडातून चकार शब्द निघत नाही. बाजारात आबांचं काही अडलंच नव्हतं. बापामागे बाजार हिंडून पोराच्या एवढं ध्यानात येऊ नये, म्हणजे कमालच!

आबांनी फोन बाजूला सारला, टीव्ही सारला. भजनावर बोट थांबलं. माझा जीव टांगणीला. मग त्यांनी हळू बोलण्याचं कार्ड उचललं आणि ताईबाईंकडे बघत सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “हाई मनासंगे बोलतच नही आते. काब्र रुसनी शे, काय मालूम!”

ताईबाईंनी तोंडाला पदर लावला.

मशीन लावलं, आवाज जुळवला, आणि त्या दोघांना आत ठेवून मी प्रेमराजला बाहेर घेऊन आले. बराच वेळ दार उघडलं नाही.

आबा बाहेर आले ते लाल डोळ्यांनी. आता त्यांचा स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू येत होता, म्हणून अगदी हळू बोलले.

“गाडी काढ, प्रेमराज. धरणगावले जानं शे, पुनमले लेवाले. अन् ध्यानमा ठेव, तठे कोनी वरडानं नही.”