झिजलेली टाच

माझ्या मुलीच्या चित्रांच्या वह्यांचं खोकं प्रवासात हरवलं नव्हतं. भोपाळ सोडायच्या दिवशी ते मीच रद्दीवाल्याला दिलं. ट्रक गच्च भरला होता, जेमतेम एका खोक्याची जागा उरली होती आणि खाली दोन खोकी होती. एक तिचं. दुसरं माझ्या बँकेतल्या प्रमोशनच्या परीक्षांच्या जुन्या पुस्तकांचं. मी माझं चढवलं.

जयपूरला सामान उतरताना ती दारात उभी राहून प्रत्येक खोकं बघत होती. तिनं ओळखीसाठी आपल्या खोक्यावर स्केचपेननं एक बूट काढून ठेवला होता.

"बाबा, माझं खोकं?"

"पॅकर्सनी हरवलेलं दिसतंय. बोलतो त्यांच्याशी."

तेव्हा ती नववीत होती. शाळेतून आली की विचारायची, "पॅकर्सवाल्या भैयांचा फोन आला?" मी म्हणायचो, नाही. पुढे तिनं विचारणं सोडलं आणि चित्रं काढणंही. माझ्या पुस्तकांचं खोकं अजून माळ्यावर आहे, चिकटपट्टीसकट.

आता ती पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी तिथंच राहणाऱ्या माझ्या सासूबाई पडल्या, तेव्हापासून बायकोही तिकडेच आहे. जयपूरला प्रताप नगरच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. दाराशी चपलांचं चार खणांचं रॅक आहे. त्यातले तीन खण रिकामे. एका रविवारी दुपारी मी त्या रॅकसमोर फरशीवर बसलो आणि माझे ऑफिसचे बूट वहीत काढू लागलो. मुलगी लहानपणी अशीच बसायची. पाहुणे आत चहा पीत असायचे आणि ही दाराबाहेर त्यांच्या चपलांची चित्रं काढत असायची.

बूट काढणं सोपं असेल असं वाटलं होतं. मोबाईलवरच्या व्हिडिओतले गुरुजी सांगायचे, आधी चौकोनी खोकं काढा, मग त्यात बूट बसवा. माझा बूट त्या खोक्यातून बाहेर यायलाच तयार नसे. पाय घालायचं तोंड कधी वाटीसारखं व्हायचं, कधी बशीसारखं. डावा काढला की उजवा दुसऱ्याच माणसाचा वाटायचा. बुटाचं टोक पुढे जमिनीवरून किंचित उचललेलं असतं, हे रोज बूट घालून मला पन्नाशीपर्यंत दिसलं नव्हतं. तीनचार महिने माझे सगळे रविवार असे गेले. फोन वाजायचा नाही, त्यामुळे व्यत्यय नव्हता.

थोडंफार जमलंय असं वाटल्यावर मी ती वही कॉलनीच्या गेटपाशी बसणाऱ्या मोचीला दाखवली. माझे बूट तोच दुरुस्त करतो.

"बाबूजी, जूता है कि समोसा?" तो हसला. मग चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "और ये एड़ी आपकी नहीं है. आपकी बाहर से घिसती है. दो बार तो मैंने ही ठीक की है."

मी पायातला बूट काढून उलटा केला. डावी टाच बाहेरच्या बाजूनं तिरकी झिजली होती. मी मात्र ती नव्यासारखी सरळ काढली होती.

तिथंच मला तिचं एक पान आठवलं. तिनं माझे बूट काढले होते, झिजलेल्या टाचेसकट. ते बघून मी म्हणालो होतो, "अगं, जरा चांगले तरी काढायचे. लोक म्हणतील, साहेबांकडे धड बूट नाहीत." ते पान त्याच खोक्यात गेलं. माझ्याकडे इतकं निरखून घरात दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल, आणि तिच्या वह्या टाकताना मी त्यातली एकही उघडली नव्हती.

पुढच्या रविवारी मी टाच आहे तशी काढली. फोटो काढून तिला पाठवला. पाच मिनिटांत फोन आला.

"बाबा, हे कुणी काढलं?"

"मी."

"मतलब... तू? खरंच?" ती हसत होती. "लेस बघ ना कशी काढलीयेस, शेवया आहेत नुसत्या! पण टाच एकदम बरोबर आहे." मग म्हणाली, "मी पण काढले होते ना तुझे बूट? ते खोकं मिळालं असतं तर आपण शेजारी ठेवून पाहिले असते."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळे मला खुर्चीत बसवेना. मी उठून रॅकपाशी गेलो. 'हो ना, पॅकर्स तसलेच होते' हे वाक्य इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडाशी आलंच होतं.

"ते खोकं हरवलं नव्हतं," मी म्हणालो. "ट्रकमध्ये जागा कमी पडली. मी माझी पुस्तकं ठेवली आणि तुझ्या वह्या रद्दीत दिल्या. आणि तुला वाट बघत ठेवलं. मी खोटं बोललो, बाळा. माझं चुकलं. मला माफ कर."