फ्यूज काहून उडला?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि खरं सांगू? तुम्हाला तरी का सांगतोय, ते मला नीट कळलेलं नाही. गोष्ट एका गाडीची आहे — म्हणजे दिसायला गाडीची.

माझी मोठी बहीण, ताई, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच मोहाडीला राहते. आम्ही विणकर, आता माग कमी चालतात, साड्यांचा व्यापार जास्त. मालाच्या फेऱ्यांसाठी मी एक जुनी कार घेतली होती. त्या दसऱ्याला मी जाहीर केलं — हो, जाहीरच, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं — की यंदा गाडीची पूजा ताई करेल. आईचं तोंड उतरलं. विधवेनं कुंकू लावायचं? मी म्हटलं, कुठल्या जमान्यात आहेस तू! तेव्हा मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. ताई नको नको म्हणत राहिली, पण तिनं ठेवणीतली साडी मात्र काढली होती. बॉनेटवर स्वस्तिक काढताना ती हसत होती. तिला तसं हसताना मी किती दिवसांनी पाहत होतो!

मग आम्ही सगळे मामाकडे, नाकाडोंगरीला, सोनं द्यायला निघालो. समोर बॅटरीचा लाल दिवा लागलेला होता. मी तो पाहिला — आणि पाहिलाच नाही असं केलं. तुमसर मागं पडल्यावर हॉर्नचा आवाज बसला. पुढं जंगलाच्या रस्त्यात गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "मी म्हनलं होतं ना, तिचा हात नोको लागू देऊ म्हनून. माह्यं आइकते कोन?"

ताई बोटाला राहिलेलं कुंकू पदराला पुसत होती. पुसून झालं तरी पुसतच होती.

मामानं ट्रॅक्टरला बांधून गाडी अंगणात आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमसरहून वायरिंगवाला आला. मामा म्हणाला, बॅटरी बसली. त्यानं दुसरी बॅटरी लावली, गाडी चालू झाली, पण मीटर लावला तर चार्जिंग नाही. मी म्हटलं, डायनामोच गेला असेल. काय गरज होती मला बोलायची? तो डायनामो उघडायलाही निघाला होता. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं आधी डायनामोच्या मागच्या बोल्टला मीटर लावला आणि थांबला.

"भाऊ, डायनामो तं करंट मस्त देऊन राहिला. बॅटरीपावतर पोचूनच नाही राहिला."

म्हणजे अडचण मधेच कुठंतरी होती. जाड वायर धरून तो फ्यूजच्या डबीपर्यंत गेला. त्यातला मोठा फ्यूज जळलेला होता; गाडी तेवढा वेळ नुसत्या बॅटरीवर चालली होती, ती संपली तशी थांबली.

"हा आपोआप नाही उडत, भाऊ. मांगं डायनामोले कोनी पाना लावला होता काय?"

"नाही," मी म्हणालो.

लावला होता. मीच लावला होता. दसऱ्याच्या सकाळी गाडी धुताना डायनामोच्या त्याच मागच्या बोल्टचा नट ढिला वाटला. बॅटरीची वायर काढायची असते हे मला माहीत होतं, पण कोण काढत बसणार? पाना फिरवला, त्याचं दुसरं टोक इंजिनाला टेकलं आणि फाटकन ठिणगी उडाली. हात झटकला. आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं. गाडी चालू करून पाहिली, झाली. मग म्हटलं, काही नाही झालं. आणि आत जाऊन ताईला म्हणालो, चल, पूजेची वेळ झाली.

माझं 'नाही' ऐकून वायरिंगवाला म्हणाला, "मंग काय सांगता येते! होते कधी कधी."

नवा फ्यूज बसला, चार्जिंग आलं. ताई त्याच्यासाठी चहा घेऊन उभी होती. त्याला कप दिला आणि मग मला हळूच विचारलं, "काहून उडला असन रे तो फ्यूज?"

तिला वायरिंगमधलं काय कळतं? काहीच नाही. तिला फक्त एक कारण हवं होतं — तिच्या हाताचं नसलेलं, कुठलंही. ते माझ्याजवळ होतं. मी म्हणालो, "उडते कधी कधी."

कशाला घाबरलो मी? आई चार शब्द बोलली असती, मामा हसला असता, एवढंच ना? मग? आणि याहून वाईट एक आहे, तेही सांगून टाकतो. पुढं पुढं मलाच वाटू लागलं, की ठिणगीनंतर गाडी तर चालू झाली होती. मग बंद पडली ती पूजेनंतरच ना? ज्या हातात पाना होता, तो माझाच हात. तरीही असं वाटायचं! कधी कधी अजूनही वाटतं.

त्यानंतर ताईनं घरातल्या कुठल्याच शुभकार्याला हात लावला नाही. माझ्या मुलीच्या हळदीला ती स्वयंपाकघरात वडे तळत बसली. कुणी हाक मारली की म्हणायची, माझे हात तेलाचे आहेत.

यंदा मुलीनं आणि जावयानं नवी गाडी घेतली. घरासमोर आणली आणि मुलीनं आरतीचं ताट सरळ आत्याच्या हातात दिलं. ताईनं ते तसंच माझ्या बायकोकडे दिलं.

"माह्या हातानं नोको, बाई. तुह्या बापाची गाडी कशी बंद पडली होती, इचार त्याले."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. ताईनंही पाहिलं, तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरंच वाटत होतं की मी तिच्या बाजूनं साक्ष देईन.

आणि मी ती दिली. म्हणालो, "हो, पडली होती."